मालनबाईंचा चिंचोका

मालनबाईंनी नाटक कंपनी काढली ती रागाच्या भरात, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोकांना वाटतं, बाईला कलेची सेवाबिवा करायची होती. तसलं काही नाही. मालनबाई फुलं विकायच्या. गंगापूर रोडला त्यांचा गाळा होता, मखमलाबादच्या अंगाला त्यांच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता, आणि पल्लवी ही त्यांची एकुलती एक मुलगी जन्मापासून आंधळी होती. पोरगी गायची मात्र अशी की गिऱ्हाईक हार हातात घेऊन तसंच उभं राहायचं.

१९९३ साली पल्लवी तेरा वर्षांची होती. शहरातल्या एका नाट्यमंडळाला संगीत नाटकासाठी गाणाऱ्या मुली हव्या आहेत असं कळलं, म्हणून मालनबाई तिला नवा ड्रेस घालून घेऊन गेल्या. मंडळाच्या सेक्रेटरींनी गाणं ऐकलं, मान डोलावली, वा वा केलं आणि मग म्हणाले, "आवाज गोड आहे हो, पण स्टेज उंच असतं. पडलीबिडली तर जबाबदारी कोणाची?" एवढं बोलून त्यांनी रविवारच्या प्रयोगासाठी दोन डझन गजऱ्यांची ऑर्डर दिली. म्हणजे बघा, आईची फुलं चालत होती, लेकीचा गळा नाही! मालनबाईंनी गजरे वेळेवर पोचवले, धंदा तो धंदा. घरी आल्यावर मात्र त्यांनी चपला अंगणात भिरकावल्या आणि म्हणाल्या, "आपण आपलं नाटक काढायचं."

पुंजाराम झेंडूच्या पाट्या भरत होता. "मग फुलं कोण विकणार?"

"फुलं पण मीच विकणार."

"मग काढ," असं म्हणून तो पुन्हा पाटी भरायला लागला. या माणसानं बायकोशी कधी वाद घातला नाही, आणि त्यातच त्याचं भलं होतं.

गाण्याचं अंग मालनबाईंना होतं. लहानपणी बापाचे गजरे घेऊन नाटकांच्या थिएटरात जायचं आणि विंगेत रेंगाळायचं, ही त्यांची शाळा. पुढे एक म्हातारे ऑर्गनवाले मास्तर भेटले. रोज देवपूजेला फुलं द्यायची आणि त्या बदल्यात एक पद शिकायचं, असा व्यवहार अकरा वर्षं चालला. मास्तर जुन्या वळणाचे, तान कशी सुपारी फोडल्यासारखी कडाकड यायला पाहिजे म्हणणारे. मालनबाईंनी ते सगळं जसंच्या तसं उचललं आणि पल्लवीच्या गळ्यात जसंच्या तसं उतरवलं. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं.

मग त्यांनी गाळ्यावर पाटी लावली. 'गाणारी, वाजवणारी, पडदा ओढणारी माणसं पाहिजेत. बाकी काही विचारणार नाही.' लोक हार घ्यायला यायचे आणि पाटी वाचून हसायचे. पण माणसं आली. पहिला आला रंगनाथ. हा नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, एका पायानं पोलिओचा. ऑर्गन असा वाजवायचा की मास्तरांची आठवण व्हावी, पण ऑर्गनला खाली दोन पायटे असतात, दोन्ही पायांनी हवा भरावी लागते, म्हणून त्याला कुठलं मंडळ घेईना. या पठ्ठ्यानं दोन्ही पायट्यांवर आडवी फळी ठोकली आणि एकाच पायानं भाता चालवला. फळी ठोकायला पाच मिनिटं लागली असतील, पण तोवर कुणाला सुचलं नव्हतं, सुचवायची गरजही वाटली नव्हती.

दुसऱ्या मंगलाबाई. भाजीवाल्या, वय पन्नास, अंगानं भारदस्त. इतर ठिकाणी त्यांना मोलकरणीचं काम मिळायचं आणि त्यावर लोकांनी हसायचं. मालनबाईंनी त्यांना राजा केलं. तिसरा भिका, सुतारकाम करणारा, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. सेट त्यानंच बांधायचे आणि पडदा त्यानंच ओढायचा. रंगनाथनं डावा हात वर केला की पडदा. दहा वर्षांत पडदा एकदाही चुकला नाही, आणि ऐकू येणाऱ्यांनी काय काय चुका केल्या ते सांगत बसलं तर दिवस मावळेल.

अशी हळूहळू बारा माणसं झाली. कंपनीचं नाव ठेवलं 'पंगत'. गावानं ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते कशाला सांगा. तालमी व्हायच्या गंगापूर रोडच्याच एका मंगल कार्यालयात. तिथल्या हारांचं काम मालनबाईंकडे होतं, आणि लग्नाच्या तिथी नसल्या की हॉल रिकामाच असायचा. चातुर्मासात, पितृपक्षात सगळं गाव शुभ काम टाळतं, तेव्हा यांचं नाटक जोरात!

ज्यांना दिसत नाही अशा नटांना स्टेजवर दिशा कळावी म्हणून मालनबाईंनी एक युक्ती काढली होती. उजव्या विंगेत निशिगंधाची परडी ठेवायची, डाव्या विंगेत मोगऱ्याची. नाकानं जायचं. एका वर्षी मोगऱ्याचा हंगाम संपला म्हणून पुंजारामनं शहाणपणा करून दोन्हीकडे निशिगंधच पाठवला, आणि राणी झालेली पल्लवी महालात जायची ती सरळ कैदखान्यात शिरली. राजा झालेल्या मंगलाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "राणीसाहेब, कैद्यांची विचारपूस करायला आपण स्वतः?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं नाटकात तसंच आहे.

आता कंपनीच्या नियमाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुठली भूमिका कुणाला, हे मालनबाई ठरवायच्या नाहीत. पडद्याआडून परीक्षा व्हायची. गाणारे पडद्यामागे. कोण आधी आणि कोण नंतर ते फक्त भिकाला माहीत, कारण आत तोच सोडायचा. बाकी सगळे सतरंजीवर बसून ऐकायचे. मग एकेकानं आतल्या खोलीत जायचं. तिथं खुंटीला दोन कापडी पिशव्या. एका पिशवीच्या नाडीला एक गाठ, ती पहिल्या गाणाऱ्याची, दुसरीला दोन गाठी, ती दुसऱ्याची. म्हणजे न दिसणाऱ्यालाही हाताला कळावं. ज्याचं गाणं आवडलं त्याच्या पिशवीत चिंचोका टाकायचा. रूप नाही, जात नाही, पाय नाही, डोळे नाहीत, नुसता गळा. मालनबाईंना या नियमाचा फार अभिमान. हार घ्यायला आलेल्या अनोळखी माणसालासुद्धा त्या तो सांगायच्या.

फक्त एक होतं. नायिकेसाठी परीक्षा कधी झाली नाही. नायिका पल्लवी. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्याइतकं गाणारं दुसरं कुणी नव्हतंही, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

मग १९९९ च्या द्राक्षाच्या हंगामात भागीबाई आली. सुरगाण्याकडची, कोकणा समाजातली, वय असेल पंचविसेक. मुकादमाबरोबर आलेल्या बायकांत ती होती. कार्यालयाच्या नळावर पाणी प्यायला आली आणि आत तालीम चालू होती ती दारात उभी राहून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी हंडा भरता भरता तिनं कालचं अख्खं पद म्हटलं. तानांसकट! मालनबाईंच्या हातातला चहा निवून गेला.

"कुठं शिकलीस गं?"

"नाय बा. काल तुमीच म्हणत व्हत्या ना," भागीबाई म्हणाली.

हंगाम संपला, बाकीच्या बायका डोंगराकडे परतल्या, भागीबाई मळ्यातल्या खोलीत राहिली. नवऱ्यानं टाकलेली होती, परत जाऊन भाताच्या लावणीशिवाय काय करणार होती? दिवसा फुलं तोडायची, संध्याकाळी पल्लवीजवळ बसायची. एकीला दिसत नाही, एकीला वाचता येत नाही, त्यामुळे दोघींची वही म्हणजे एकमेकींचे कान. मालनबाई पल्लवीला शिकवायच्या, पल्लवी भागीला. चार वर्षांत भागीबाईच्या गळ्यात ते सगळं वळण मुरलं. दासीची, मैत्रिणीची कामं तिला मिळत गेली.

२००३ च्या जानेवारीत पल्लवीला कळवणला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पेढे वाटले, पुंजाराम रडला. पल्लवी कळवणला खोली घेऊन राहू लागली, शनिवारी यायची, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं जायची. आणि त्या वर्षी नाशकात कुंभमेळा. फुलांची नुसती झुंबड. मालनबाईंना शनिवार-रविवार लेकीशी बोलायला फुरसत नव्हती, तर गाणं कुठलं ऐकणार? सहा-सात महिने तालीमच झाली नाही.

कुंभाची गर्दी ओसरली आणि रंगनाथनं विषय काढला. हिवाळ्यात संगीत नाटकांची स्पर्धा होती, नवं नाटक बसवायचं होतं. तो ऑर्गन पुसता पुसता म्हणाला, "वहिनी, नायिकेची परीक्षा कधी घ्यायची?"

"परीक्षा कशाला? पल्लवी आहे की."

"भागीबाई पण आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे नियम सगळ्यांना असेल तर घरच्यांनाही असावा, एवढंच."

मालनबाईंचं डोकं सटकलं. "रंगनाथभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुसऱ्या कुठल्या मंडळानं ऑर्गनच्या जवळ तरी उभं केलं असतं का?"

तोंडातून गेलं. रंगनाथनं ऑर्गनचं झाकण लावलं, कुबडी घेतली आणि निघून गेला. मंगलाबाई एवढंच म्हणाल्या, "मालनताई, हे बरं नाही झालं." मालनबाईंनाही ते कळत होतं. पण कळून काय उपयोग? त्यांच्या पोटात दुसरीच भीती होती. पल्लवीला रस्त्यानं नेताना लोक 'अरेरे' म्हणत. म्हणजे तोंडानं म्हणत नसतील, पण मालनबाईंना ऐकू यायचं. फक्त नायिका होऊन ती स्टेजवर उभी राहिली की कुणी 'अरेरे' म्हणायचं नाही, 'वन्स मोअर' म्हणायचं. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला होता. ती जागा गेली तर पोरीकडे राहिलं काय? नोकरीनं पोट भरतं, पण तेवढ्यावर मालनबाईंचं समाधान होणार नव्हतं.

आठ दिवस त्या आणि रंगनाथ एकमेकांशी बोलले नाहीत. मग कळवणहून पल्लवीचा फोन आला. तिला कुणी सांगितलं देव जाणे.

"आई, परीक्षा घे."

"तू तुझी नोकरी बघ."

"मला फुकटची राणी नाही व्हायचं," पल्लवी म्हणाली. "हरले तर हरले. आणि रंगनाथकाकांची माफी माग आधी."

मालनबाई दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला गेल्या आणि पाळी सुटायच्या वेळी प्रेसच्या गेटपाशी उभ्या राहिल्या. शेकडो माणसं बाहेर पडत होती, त्यात रंगनाथ सगळ्यांत शेवटी आला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. रंगनाथ म्हणाला, "रिक्षानं आलात की बसनं?" झालं, तेवढ्यावर मिटलं.

परीक्षा पितृपक्षातल्या शनिवारी दुपारी ठेवली. दोघींनी एकच पद म्हणायचं. पल्लवीची पट्टी काळी चार, भागीबाईची काळी तीन, म्हणून रंगनाथनं मधली पांढरी पाच धरली. कुणालाच घरची पट्टी नाही. पडदा जाड मखमलीचा, लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे लावायचा तो. भिकानं दोघींना आत नेलं. सतरंजीवर आठ जण बसले, रंगनाथ ऑर्गनवर, म्हणजे मत देणारे नऊ.

मालनबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता लपवण्यात काय अर्थ आहे? त्या मनात म्हणाल्या, इतकी वर्षं मी सगळ्यांशी न्यायानं वागले, एक चिंचोका माझ्या लेकीला. देव रागावला तर रागावू दे.

पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला मालनबाईंचा जीव भांड्यात पडला. तीच कडाकड तान, तोच जिथल्या तिथे श्वास, शेवटचं अक्षर सोडायची तीच तऱ्हा. पट्टी बदलल्यानं आवाज जरा परका वाटत होता, पण ही बांधणी काय ओळखू येणार नाही? पल्लवीच! एवढे महिने रियाज नाही तरी पोरीनं तसूभर सोडलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

दुसरं गाणं वेगळंच निघालं. ताना जवळजवळ नाहीतच. शब्दांवर रेंगाळत, मध्येच थांबत, जिथं श्वास घ्यायचा तिथं घेतलाच नाही, भलतीकडेच घेतला. मालनबाईंच्या कपाळाला आठी पडली. भागी बिचारी घाबरली, त्यांना वाटलं. शिकवलेलं सगळं विसरली. त्यांना तिची कीवसुद्धा आली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

त्या सगळ्यांत शेवटी आतल्या खोलीत गेल्या आणि एका गाठीच्या पिशवीत चिंचोका टाकला.

मंगलाबाईंनी सगळ्यांसमोर पिशव्या उलट्या केल्या. एका गाठीच्या पिशवीत पाच, दोन गाठींच्या पिशवीत चार. मालनबाईंनी चेहरा अगदी निर्विकार ठेवला, 'बरं का, घरची म्हणून नाही हं' हे वाक्यसुद्धा ओठांवर तयार होतं. मग भिकानं पडदा सरकवला आणि पहिल्या गाणारीला हाताला धरून पुढे आणलं.

ती भागीबाई होती.

टाळ्या पडल्या. भागीबाई पदर तोंडात धरून रडायलाच लागली. मागे पल्लवी उभी होती, तीही टाळ्या वाजवत होती. मंगलाबाईंनी मालनबाईंचे दोन्ही हात धरले आणि गहिवरून म्हणाल्या, "मालनताई, तुमच्यासारखी बाई बघितली नाही. मनात आणलं असतंत तर ही परीक्षाच घेतली नसतीत. पोटच्या पोरीची जागा दिलीत!" बाकीच्यांनीही तेच लावून धरलं. मालनबाईंना धरणी दुभंगून आत घ्यावं तर बरं, असं झालं. एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं, आणि आलं ते असं.

संध्याकाळी जेवायला मायलेकी दोघीच होत्या. पुंजाराम मळ्यात पाणी देत होता आणि भागीबाई लाजून आपल्या खोलीतून बाहेरच आली नव्हती. पल्लवीनं विचारलं, "आई, तू कुठल्या पिशवीत टाकलास?"

"ते सांगायचं नसतं."

"मला सांग की."

"एका गाठीच्या," मालनबाई म्हणाल्या. खोटं सुचायला वेळ लागतो, खरं आधी निघतं.

पल्लवी भाकरी मोडता मोडता थांबली. "भागीताई म्हणून टाकलास, की मी समजून?"

आता आली का पंचाईत! 'भागी म्हणून' म्हणावं, तर जाणूनबुजून लेकीला नाकारलं असं होतं. 'तू समजून' म्हणावं, तर नऊ महिने पोटात वाढवलेल्या, तेवीस वर्षं जपलेल्या, स्वतः गायला शिकवलेल्या पोरीचा आवाज आईला ओळखू आला नाही असं होतं. वर लबाडीही उघडी पडत होती. दोन्हीकडून मार. मालनबाईंनी त्यातल्या त्यात इभ्रत राहील ते धरलं.

"भागी म्हणून," त्या म्हणाल्या.

"बरं," पल्लवी म्हणाली. तिनं आमटीत भाकरी कुस्करली, पण खाल्ली नाही. मग म्हणाली, "कळवणला रोज ऑफिस सुटलं की मी ते पद म्हणायचे. टोकायला कुणी नव्हतं ना, मग माझं मलाच सापडत गेलं, कुठं थांबायचं, कुठं हळू म्हणायचं. म्हटलं परीक्षेत आईला ऐकवू. तुला नाही आवडलं, होय ना?"

मालनबाईंनी ताट सारलं आणि 'पोटात दुखतंय' म्हणून उठून गेल्या. ते मात्र खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळे तालमीला जमले. भागीबाईसाठी कुणीतरी नारळ आणला होता. रंगनाथ फळीवर पाय ठेवून सूर धरणार, तोच मालनबाई उभ्या राहिल्या.

"माझं मत बाद करा," त्या म्हणाल्या. "पहिली पल्लवी आहे असं समजून मी चिंचोका टाकला. तिला जिंकवायचं असं घरून ठरवून आले होते. मी न्यायीबियी काही नाही. काल तुम्ही माझं कौतुक केलंत, ते परत घ्या. मला ते गिळवत नाही."

पल्लवीचा चेहरा मालनबाईंनी बघितलाच नाही, हिंमत झाली नाही त्यांची. मग रंगनाथ खाकरला. "मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं कोण कोण आहे ते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हालाही कळलं असेल." यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"म्हणजे चार-चार," मंगलाबाई म्हणाल्या. "आता?"

"मंग मी नाय व्हत नायकीण," भागीबाई घाईघाईनं म्हणाली. "बाईंचा जीव दुखवून मला काय करायचंय?"

"गप्प बस गं, भागीताई," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "भिकादादाला विचारा की. त्याचं मत कुठं घेतलंय?"

सगळे भिकाकडे बघायला लागले. खरंच की! दहा वर्षं याच्या हातून परीक्षा घेतल्या, आणि याच्या हातात चिंचोका कधी कुणी दिलाच नाही. ऐकू येत नाही, मग गाण्याचं याला काय विचारायचं, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. बाकी काही विचारणार नाही अशी पाटी लावणाऱ्या बाईनंसुद्धा. मालनबाईंना त्या क्षणी आपल्या नियमाची एवढी लाज वाटली, की त्यांनी कमरेची पिशवी सोडून स्वतःच चिंचोका काढला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला. मंगलाबाईंनी खाणाखुणा करून समजावलं.

भिकानं फार विचार केला नाही. पडद्यामागे दोघींना गाताना बघणारा तो एकटाच होता. तो गेला आणि चिंचोका भागीबाईच्या हातावर ठेवला. का, ते कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. रंगनाथनं नारळ फोडला. पल्लवीनं सूत्रधाराबरोबरच्या नटीचं काम मागून घेतलं, आणि तेवढं परीक्षेशिवाय तिला मिळालं, कारण दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

सोमवारी पहाटे मालनबाई तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेल्या. रविवारचा अख्खा दिवस आणि अख्खी रात्र मायलेकींत चार शब्दसुद्धा झाले नव्हते. कळवणची गाडी लागायची होती. दोघी बाकावर बसल्या. बाजूला दुधाच्या किटल्या, कांद्याच्या गोण्या, कंडक्टरांची हाळी.

"कळवणला म्हणतेस तसं म्हण," मालनबाई एकदम म्हणाल्या.

"इथं? स्टँडवर?"

"इथंच. मला ऐकू दे."

पल्लवीनं हळू आवाजात सुरू केलं. आपल्या पट्टीत, आपल्या चालीनं. जिथं तान घ्यायची तिथं घेतली नाही. मालनबाईंनी दोनदा टोकायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. एकदा त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप ठेका धरायला लागली, लय वाढवायला. पल्लवीनं चाचपून त्यांच्या बोटांवर आपला हात ठेवला आणि गाणं तसंच संथ पुढे नेलं. शेजारचा कांदेवाला बिडी पेटवायची विसरला.

गाणं संपलं. पल्लवी म्हणाली, "आवडलं?"

"नाही," मालनबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "मला तानेशिवाय गाणं पचत नाही. सवय आहे ती, मरेपर्यंत जायची नाही. पण आता हजार बायका एकदम गायल्या ना पल्लू, तरी त्यात तुला ओळखीन मी."

पल्लवीनं आईचा हात जो धरला तो कळवणची गाडी लागली तरी सोडला नाही, आणि कंडक्टरला दोनदा बेल मारावी लागली.